तिसऱ्या अंकातलं वाक्य

पालखी आत गेली की देवळासमोरच्या पुळणीवर
रात्री साडेअकराला आमचं नाटक उभं राहतं.
यंदाचं चेटकिणीचं.
मी विंगेत, माशांच्या पालथ्या क्रेटवर,
एका हातात वही, एका हातात बॅटरी,
बॅटरीच्या काचेवर निळा कागद.

दिवसा मी पोस्टमन.
दिवसा नावं वाटतो, रात्री वाक्यं.

भागी चेटकीण झालीय वासंती कोयंडे,
अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढणारी.
तालमींचा दुसरा आठवडा, आणि दोन आयांनी
पोरांसाठी घरून डबे पाठवले.
'तसा काय नाय गो,' म्हणाल्या, 'पोट बिघडलाहा.'
वासंती हसली. त्या रात्री तिचं रडणं
पहिल्यांदा बरं झालं.
दिग्दर्शक म्हणाले, आता जमलं.

आणि खोत झालेला दाजी सारंग:
बाईला गावाबाहेर काढायचा हुकूम देतो,
टाळ्या घेतो,
सोसायटीच्या हिशेबातले त्याचे गेल्या सालचे घोळ
लोक विसरूनही गेलेत. फेटा शोभतो त्याला.
नाव असंच बसतं अंगावर,
भाड्याच्या पोशाखासारखं,
कुणाला आखूड, कुणाला घोळदार,
आणि आधीच्या माणसाच्या घामाचा वास येत राहतो.

तिसरा अंक. साक्षीला सोनू तारी.
वाक्य एवढंच:
'हिका मियां बघलंय, अवसेच्या राती,
खाडयेच्या पाण्यार चलताना.'
सोनूने तोंड उघडलं. मिटलं.
हॅलोजनभोवती पाखरं.
मी हळूच म्हटलं, हिका मियां बघलंय.
तो वासंतीकडे बघत राहिला
(विसरला होता का, ते अजून सांगत नाही).
मी पुन्हा म्हटलं.
तिसऱ्या वेळी टांगलेल्या माईकने मला पकडलं
आणि माझा आवाज भोंग्यातून
सुरूच्या बनापर्यंत गेला, भरतीपर्यंत गेला:
हिका मियां बघलंय.

लोक हसले. मग हसायचे थांबले.
कारण मागे, शेंगदाणेवाल्याच्या बत्तीपाशी
सरूबाय बसली होती,
तिच्या चटईभोवती हातहात वाळू मोकळी.
तिला तोंडावर कुणी काही म्हणत नाही.
फक्त तिच्या बेड्यावरून जाताना
पोरांच्या डोक्यावर पदर ओढतात.
सगळ्या माना तिकडे वळल्या.
कुणी वळा म्हटलं नव्हतं.

मी सात वर्षांचा होतो. धाकट्याला ताप.
आईने विचारलं, बघत होती ना रे ती त्याच्याकडे?
सरूबायने त्याला एक पिकलेला रातांबा दिला होता,
बस.
मी म्हटलं, होय.
मोठ्याने म्हटलं. कुंपणापलीकडे ती
झाडाखाली वाकून रातांबे वेचत होती.
मला कुणी शब्द पुरवला नव्हता,
किंवा पुरवलाच होता,
प्रश्नाच्या वहीत लिहिलेलं होतं उत्तर,
मी नुसतं वाचलं.
भाऊ तिसऱ्या दिवशी विटीदांडू खेळायला गेला.
ते 'होय' मात्र घरोघर गेलं,
एकही दार न चुकता, तिकिटाशिवाय.

सकाळी तिची मनीऑर्डर, मुंबईच्या भाच्याची.
खळ्यात आमसुलं वाळत पडलेली.
तिने नोटा दोनदा मोजल्या, अंगठा पुढे केला.
मी शाई लावली.
'नाटक बरा झाला,' म्हणाली.
'मधलो तो आवाज तुझो मां? वळाकलंय मियां.
तू ल्हान हुतस तेवाय असोच हुतो.'

मी कागद दुमडला. चुकीच्या घडीवर दुमडला,
पुन्हा उलगडला.
तिने अंगठा लुगड्याला पुसला,
सुपातलं एक आमसूल उचलून समोर धरलं.
'खातंस?'

रस्त्यावरून दाजी सारंग येत होता,
कानामागे अजून कालचा रंग,
मागे शाळेत निघालेली चारसहा पोरं.
मी ते हातात घेतलं.